गोळीमागची खा-खा

वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी निवडलेल्या पत्रांत तक्रार एकच आहे, शब्द वेगवेगळे आहेत: मन ताळ्यावर आलं, पण भूक हाताबाहेर गेली. उत्तरं मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ यांनी मिळून लिहिली आहेत. औषधांची नावं मूळ घटकाची दिली आहेत. तुमच्या पाकिटावर कंपनीचं नाव मोठं आणि हे नाव बारीक अक्षरांत असतं; वाचण्याआधी ते शोधून ठेवा.

माझा मुलगा २२ वर्षांचा आहे. भास व्हायचे, सगळ्यांचा संशय यायचा, म्हणून दोन महिन्यांपूर्वी ओलान्झापिन १० मिलिग्रॅम सुरू झाली. आता झोपतो, नीट बोलतो, आवाज ऐकू येत नाहीत. पण खा-खा सुटली आहे. चार-पाच भाकरी खाऊन उठतो आणि तासाभरात पुन्हा स्वयंपाकघरात येतो. चिवड्याचा डबा दोन दिवसांत रिकामा. वजन ५८ चं ६६ किलो झालं. त्याचे वडील म्हणतात, हे जिभेचे चोचले आहेत, कपाटाला कुलूप लाव. लावू का? (एक आई, सोलापूर)

ताई, कुलूप लावू नका. आणि हे चोचलेही नाहीत. पोट भरलं की ‘आता पुरे’ हा निरोप मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसकडे जातो. त्या कामात हिस्टामिन आणि सेरोटोनिन या दोन रसायनांचा मोठा वाटा असतो. ही रसायनं जिथे चिकटतात त्याच जागा ओलान्झापिन अडवून बसते. मुलाचं जठर खरोखर भरलेलं असतं, निरोप तेवढा पोचत नाही. भर म्हणून ही गोळी इन्सुलिनचं कामही बिघडवते आणि झोप वाढवून हालचाल कमी करते. वडिलांना हे समजावून सांगायलाच हवं. या आजारात घरची सततची टोचणी आजार उलटायला कारण ठरू शकते. कुलूप लावलं की भांडण घरात आणि वडापाव कोपऱ्यावर, एवढंच होतं.

आता वजनाकडे बघू. ५८ वरून ६६ म्हणजे जवळजवळ १४ टक्के वाढ. पहिल्या महिन्यात ५ टक्क्यांहून जास्त वजन वाढलं तर पुढेही बरंच वाढण्याची शक्यता असते, आणि ७ टक्क्यांपुढची वाढ वैद्यकीय दृष्टीने दखल घेण्यासारखी मानतात. वजन सर्वांत वेगाने पहिल्या तीन महिन्यांत चढतं आणि चढलेलं उतरवण्यापेक्षा चढू न देणं कितीतरी सोपं असतं. त्यामुळे पुढच्या तारखेची वाट बघू नका, याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. सोबत दर आठवड्याचं वजन लिहिलेला कागद न्या आणि तीन गोष्टी विचारा. एक, कमी भूक लावणारं औषध चालेल का? ॲरिपिप्राझोलसारख्या औषधांनी वजन बरंच कमी वाढतं. पण बदल म्हणजे जुनी गोळी हळूहळू उतरवत नवी चढवायची, त्याला काही आठवडे लागतात आणि त्या काळात लक्षणं परतण्याचा धोका असतो. मुलगा नुकताच सावरला आहे, तेव्हा डॉक्टर थांबा म्हणाले तर त्यात तथ्य असू शकतं. दोन, बदल नको असेल तर मेटफॉर्मिन आत्ताच सुरू करता येईल का? (त्याबद्दल पुढच्या उत्तरात.) तीन, रात्रीची गोळी किती वाजता द्यायची? ही गोळी घेतल्यावर साधारण सहा तासांनी रक्तात सर्वांत जास्त असते. संध्याकाळी सातला दिली तर खाण्याची ओढ आणि जागेपणा एकाच वेळी येतात. डॉक्टरांची हरकत नसेल तर जेवून, झोपायच्या बेताला द्या.

गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका, अर्धीही करू नका.

स्वयंपाकघरात काय करायचं? भरल्याचा निरोप येतच नाही, म्हणून त्याच्या ‘पोट भरलं का?’ या उत्तरावर विसंबू नका. प्रमाण ताटात ठरवा. भांडी ओट्यावर ठेवा आणि ताट तिथेच वाढून आणा; भाकरीची टोपली पंगतीत नको. सगळ्यांची ताटं सारखीच वाढा, एकट्याचं वेगळं नको. ताटात आधी काकडी-टोमॅटोची कोशिंबीर आणि पेलाभर पातळ ताक येऊ द्या, मग मटकीची किंवा हरभऱ्याची मोठी वाटीभर उसळ, आणि भाकरी शेवटी. घरची भाकरी साधारण ६० ग्रॅम पिठाची होते, म्हणजे जवळजवळ २०० कॅलरी. पाच भाकऱ्यांच्या हजार झाल्या. दोनवर आणायचं तर एकदम नको, आठवड्याला एक कमी करा आणि तिची जागा उसळ, पिठलं, अंडं किंवा पालेभाजीने भरा. प्रथिनं आणि चोथा असलं की पोट उशिरा रिकामं होतं.

ज्वारीची भाकरी वजन उतरवते या समजावर सोलापुरात वाद घालायला नको, पण तेवढ्याच पिठाच्या चपातीइतकीच ऊर्जा तीत असते. भाकरीवर तेल लागत नाही, हा तिचा खरा फायदा. शेंगाची चटणी मात्र मोजून: एका मोठ्या चमच्यात ८० कॅलरी सहज असतात. बंद नका करू. ताटात एक चमचा वाढा आणि बरणी कपाटात ठेवा.

चिवड्याबद्दल. चिवडा, फरसाण, बिस्किटं यांच्या १०० ग्रॅममध्ये ४५० ते ५५० कॅलरी असतात आणि टीव्हीपुढे १०० ग्रॅम कधी संपतात ते कळतही नाही. लपवू नका, विकतच आणू नका. घरात नसलेल्या गोष्टीवरून भांडण होत नाही. पण रिकामा डबा दिसला तर तो बाहेर जाईल, म्हणून त्याच जागी दुसरं काही हवं: ज्वारीच्या लाह्या, फुटाणे, साधे कुरमुरे. मोठा वाडगाभर कुरमुरे म्हणजे २५ ग्रॅम, सुमारे ९० कॅलरी. त्यात कांदा, काकडी, लिंबू घातलं की चावायला वेळ लागतो आणि तोंडाला काम मिळतं. मूठभर फुटाण्यांत, म्हणजे ३० ग्रॅममध्ये, ११० च्या आसपास कॅलरी आणि ६ ग्रॅम प्रथिनं असतात. जेवल्यावर तासाभराने तो येणारच, हे धरून चला आणि त्या वेळेचं खाणं तुम्हीच ठरवून ठेवा. नाही म्हणत राहण्यापेक्षा हे टिकतं.

तेलाचा हिशेब महिन्याच्या किराणा यादीवरूनच कळतो. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल तर माणशी रोज ४० मिली तेल झालं, जवळजवळ ३५० कॅलरी. माणशी महिना अर्धा लिटर पुरतं. एवढा एक बदल केला तरी मुलाच्या ताटातून रोज २०० कॅलरी जातात आणि त्याला पत्ताही लागत नाही. चहाचंही तसंच: दोन चमचे साखरेचे पाच कप म्हणजे दूध सोडून २०० कॅलरी. साखर आठवड्याला अर्धा-अर्धा चमचा उतरवा.

एक गोष्ट तपासा. त्याला थरथर किंवा जखडलेपणा आला म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल नावाची गोळीही चालू आहे का? तिने तोंड कोरडं पडतं आणि मुलं कोरड घालवायला थंड पेयं पितात. साध्या पाण्याची बाटली सतत जवळ, तोंडात लवंग किंवा बडीशेप, आणि ही गोळी अजून लागते का हे डॉक्टरांना विचारणं, एवढं पुरे.

फिरण्याचं: सकाळी गुंगी असते, तेव्हा पहाटे उठवायला जाऊ नका, रोज वादच होईल. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं कुणीतरी सोबत चाला. तेवढाच वेळ तो स्वयंपाकघरापासून लांबही राहतो.

वजन दर सोमवारी सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी, त्याच काट्यावर करा आणि कॅलेंडरवर लिहा. रोज करू नका. पाण्याने एक-दीड किलो इकडेतिकडे होतंच आणि उगाच निराशा येते. कंबर शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर मोजा. भारतीय पुरुषांत ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांत ८० ही धोक्याची रेषा. उंची तुम्ही कळवली नाही. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागा, आकडा २३ च्या पुढे गेला की आपल्याकडे वजन जास्त धरतात. उपाशीपोटी साखर, रक्तातली चरबी आणि रक्तदाब सुरुवातीला तपासले नसतील तर आता तपासा, तीन महिने पूर्ण झाल्यावर पुन्हा आणि मग वर्षातून एकदा तरी. मध्येच अचानक खूप तहान, सारखी लघवी, उलट्या किंवा धाप दिसली तर तपासणीची तारीख न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा. क्वचित या औषधाने साखर झपाट्याने चढते, वजन वाढलेलं नसलं तरीही.

माझ्या भावाला क्लोझापिन चालू आहे. त्याला मधुमेह नाही, तरी डॉक्टरांनी मेटफॉर्मिन लिहून दिली. साखर नसलेल्याला साखरेची गोळी कशाला? साखर एकदम उतरून चक्कर येणार नाही का? (सातारा)

मेटफॉर्मिन यकृतातून सुटणारी साखर कमी करते, इन्सुलिनला मदत करते आणि भूकही थोडी मंदावते. मधुमेह नसलेल्याची साखर ती एकटी सहसा धोकादायक पातळीला उतरवत नाही. क्लोझापिन आणि ओलान्झापिनमुळे वाढणाऱ्या वजनावर सर्वांत जास्त अभ्यास याच औषधाचा झालेला आहे. फार मोठ्या अपेक्षा नकोत: न घेणाऱ्यांच्या तुलनेत सरासरी फरक ३ किलोच्या आसपास येतो. पण लवकर सुरू केली तर वाढ अडते, आणि खरी किंमत तिचीच आहे.

बिघडतं ते सुरुवातीला. पहिल्या दिवसापासून मोठा डोस घेतला की मळमळ, गॅस, जुलाब, आणि मग पंधरा दिवसांत ‘सोसली नाही’ म्हणून बंद. रूढ पद्धत अशी: ५०० मिलिग्रॅमची एक गोळी रात्रीच्या जेवणासोबत, आठवड्या-दोन आठवड्यांनी सकाळची एक, मग सोसेल तसं वाढवत दिवसाला २००० पर्यंत. डोस ठरवणारे तुमचे डॉक्टरच. सावकाश विरघळणारा प्रकार पोटाला सौम्य पडतो. तो चावायचा किंवा कुटायचा नाही. आधी मूत्रपिंडाची, म्हणजे क्रिएटिनिनची तपासणी झालेली हवी. जोरदार उलट्या-जुलाब लागले तर गोळी तेवढे दिवस थांबवून डॉक्टरांना फोन करा. दारूचं व्यसन असेल तर ते लपवू नका. वर्षानुवर्षं घेतली तर जीवनसत्त्व बी-१२ घटतं. शाकाहारी घरांत ते आधीच कमी असतं, म्हणून वर्षाला एकदा मोजा.

तुम्ही विचारलं नाही, पण क्लोझापिन आहे म्हणून दोन गोष्टी सांगतोच. पहिली बद्धकोष्ठाची. हे औषध आतड्यांची चाल मंदावते आणि दुर्लक्ष केलं तर आतडं अडून जिवावर बेतू शकतं. वजन कमी करायचं म्हणून त्याचं जेवण आणि पाणी दोन्ही तोडलंत तर हेच होईल. भावाला संडासला कधी झालं हे अवघड वाटलं तरी विचारत जा. तीन दिवस झालं नाही किंवा पोट दुखून फुगलं तर लगेच दाखवा. आपल्याकडे पहिला हात इसबगोलाकडे जातो. मंद आतड्यात तो आणखी चोथा भरतो, तेव्हा इथे तो नको. कोणतं रेचक घ्यायचं ते डॉक्टरांना विचारा.

दुसरी बिडी-सिगारेटची. तंबाखूच्या धुरामुळे यकृत क्लोझापिन लवकर निकालात काढतं. तब्येत सुधारायची म्हणून भावाने बिडी एकदम सोडली तर आठवड्याभरात रक्तातलं औषध दीडपट किंवा त्याहून जास्त होऊ शकतं: गुंगी, लाळ, झटके, आणि भूकही. सोडावीच, पण डॉक्टरांना आधी सांगून, म्हणजे डोस त्याप्रमाणे उतरवता येतो. हा परिणाम धुराचा आहे. मिश्री-गुटख्याने तो होत नाही. (त्यांचे तोटे वेगळे.) कॉफी उलट वागते, ती क्लोझापिनची पातळी वाढवते. रोज सहा कप पिणाऱ्याने एकदम सोडली किंवा एकदम सुरू केली तरी फरक पडतो.

मला बायपोलर आजारासाठी चार वर्षं लिथियम चालू आहे. ११ किलो वाढले. इंटरनेटवर पाहून मीठ पूर्ण बंद केलं, आठवड्यातून दोन निर्जळी उपास करते. एका महिन्यात ३ किलो उतरले, पण हात जास्त थरथरतात. हे चालू ठेवू का? (नाशिक)

नाही. आजपासून बंद करा आणि आज-उद्यातच रक्तातलं लिथियम तपासा. नमुना शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचा असतो, म्हणजे रात्री ९ ला गोळी घेत असाल तर सकाळी ९ ला, आणि सकाळची गोळी असेल तर ती नमुना दिल्यावर. थरथर जास्त मोठी झाली असेल, चालताना तोल जात असेल, जीभ जड झाली असेल, जुलाब-उलट्या असतील तर तपासणीच्या रांगेत थांबू नका, गोळी न घेता थेट रुग्णालयात जा.

कारण सरळ आहे. मूत्रपिंडाला मीठ आणि लिथियम जवळजवळ सारखंच दिसतं. मीठ कमी पडलं किंवा अंगातलं पाणी आटलं की ते मीठ धरून ठेवायला जातं आणि सोबत लिथियमही धरून ठेवतं. तुम्ही मीठ आणि पाणी दोन्ही तोडलंत. तीन किलो उतरले त्यात बराच भाग पाण्याचा असणार. मीठ रोजच्यासारखं, एकसारखं ठेवा. फार वाढवूनही चालत नाही, त्याने पातळी घसरते. अंगदुखीला आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक स्वतःहून घेऊ नका, त्यांनीही लिथियम चढतं.

आता ११ किलोंचं. लिथियमवर तहान खूप लागते. ती तहान तुम्ही कशाने भागवता हे आठवडाभर लिहून काढा. ३०० मिली थंड पेयात ३० ग्रॅमच्या आसपास साखर असते. सरबत आणि उसाचा रसही फारसा मागे नाही. सगळी तहान साध्या पाण्यावर आणली तरी बऱ्याच जणांचं वजन थांबतं. दुसरं, शेवटची थायरॉइड तपासणी कधी झाली? लिथियम थायरॉइड मंदावतं, आणि मग खाणं कमी असूनही वजन चढतं, थंडी सोसत नाही, केस गळतात. टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी दर सहा महिन्यांनी हवीच. उपासाची श्रद्धा असेल तर पाणी आणि चिमूटभर मीठ असलेला उपास करा. साबुदाण्याची खिचडी नको, ती वजनाच्या हिशेबात उपास नव्हेच. भगर, ताक, काकडी, भाजलेलं रताळं चालेल.

माझी मुलगी २५ वर्षांची, मूडच्या आजारासाठी व्हॅल्प्रोएटवर आहे. वजन ९ किलो वाढलं, पाळी दोन-दोन महिने येत नाही. स्थळं बघतोय. ओळखीच्यांनी वजन उतरवणारी आयुर्वेदिक पावडर सुचवली आहे. (नागपूर)

पावडर देऊ नका. ‘हर्बल’ म्हणून विकलेल्या वजनाच्या पावडरींत भेसळ सापडल्याची उदाहरणं आहेत, त्यात सिब्युट्रामिनही. हे औषध हृदयाच्या धोक्यामुळे भारतात बंदी घातलेलं आहे. उत्तेजक द्रव्याने अशा आजारात उन्मादाचा झटकाही येऊ शकतो.

पाळी चुकणं आणि वजन ही दोन्ही एकाच धाग्याची टोकं असू शकतात. व्हॅल्प्रोएटने पीसीओएसचा, म्हणजे पाळी अनियमित करणाऱ्या अंडाशयाच्या विकाराचा धोका वाढतो. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा आणि औषधाचं नाव आवर्जून सांगा. पण लग्न ठरत असताना वजनापेक्षा मोठा प्रश्न दुसरा आहे. गरोदरपणात व्हॅल्प्रोएट घेतलं तर १०० पैकी सुमारे १० बाळांत जन्मतः मोठा दोष आढळतो आणि ३० ते ४० मुलांच्या बौद्धिक वाढीत अडचण येते. फॉलिक ॲसिड घेऊन हा धोका पुसला जात नाही. त्यामुळे औषध बदलण्याचं बोलणं लग्नाआधीच काही महिने व्हायला हवं. लॅमोट्रिजिनसारख्या पर्यायाने वजन सहसा वाढत नाही, पण अंगावर गंभीर पुरळ येऊ नये म्हणून त्याचा डोस आठवड्यांच्या हिशेबाने चढवतात, आणि व्हॅल्प्रोएट सोबत असेल तर आणखी सावकाश. घाईत जमणारं हे काम नाही. तोवर गोळी एक दिवसही स्वतःहून बंद करायची नाही. जवळ तज्ज्ञ नसेल किंवा मध्येच तब्येत बिघडली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ वर चोवीस तास फोन करता येतो, मराठीतही.

झोपेसाठी झोलपिडेम घेतो. दोनदा सकाळी उठलो तर ओट्यावर तूप-साखरेचा डबा उघडा, ताट खरकटं, आणि मला काहीच आठवत नाही. (पुणे)

झोलपिडेमने झोपेत उठून खाणं हा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. यात भुकेपेक्षा गॅसचा आणि सुरीचा धोका मोठा. पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांशी बोला. बहुधा ती बंदच करतील. तोवर रात्री सिलिंडरचा कॉक बंद ठेवा, सुऱ्या कपाटात ठेवा आणि घरच्यांना सांगून ठेवा. सोबत दारू घेत असाल तर ती आधी थांबवा.

लुरासिडोनने वजन फारसं वाढत नाही, म्हणून माझं औषध बदलून ते दिलं. मीही मनावर घेतलं आणि रात्रीचं जेवण सोडलं, गोळी नुसत्या दुधावर घेतो. वजन उतरलं, पण आवाज पुन्हा ऐकू यायला लागले आहेत. औषध लागू पडत नाही का? (डोंबिवली)

औषध अंगी लागतच नाहीये. लुरासिडोन किमान ३५० कॅलरींच्या जेवणासोबतच नीट शोषलं जातं. रिकाम्या पोटी घेतलं तर जेवणासोबतच्या जवळजवळ निम्मंच रक्तात पोचतं. कपभर दुधात १५० कॅलरीही नसतात. डॉक्टरांना आवाजांबद्दल आणि जेवण सोडल्याबद्दल, दोन्ही आजच सांगा, नाहीतर ते डोस वाढवतील आणि मूळ कारण तसंच राहील. गोळीच्या वेळी तेलाशिवायच्या दोन चपात्या, वाटीभर उसळ आणि वाटीभर दही घेतलं की ३५० भरतात. कमी खायचं असेल तर कात्री दुपारच्या चहाबरोबरच्या खाण्याला लावा.